रिकाम्या गाडीचे वजन

मालगाडी फाटकापाशी उभी असली की वॅगनच्या बाजूवर पांढऱ्या रंगात लिहिलेले आकडे वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. त्यांतला एक आकडा रिकाम्या वॅगनच्या वजनाचा असतो. रेल्वेच्या भाषेत त्याला ‘टेअर’ म्हणतात. व्यापाऱ्याला महत्त्व असते ते आत किती माल मावतो याचे. रिकाम्या वॅगनचे वजन हा त्याच्या लेखी केवळ वजा करायचा आकडा. माझे आयुष्य मात्र त्या वजा करायच्या आकड्याच्या सहवासात गेले. झाशीच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. या काळात माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक वॅगन रिकामी होती. भरलेली वॅगन दुरुस्तीला येतच नाही.

कोळसा वाहणारी बॉक्सएन नावाची उघडी वॅगन रिकामी असताना २२.४७ टन भरते आणि ५८.८१ टन माल घेते. म्हणजे भरलेली गाडी धावत असते तेव्हा एंजिन जे ओढत असते त्यातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग निव्वळ पोलादाचा. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत स्टेनलेस पोलादाच्या नव्या वॅगनी येऊ लागल्या. त्यांना गंज कमी लागतो, म्हणून गंजाच्या वाट्याला म्हणून जी जादा जाडी राखून ठेवावी लागे तिला कात्री लावता आली. रिकामे वजन २०.६ टनांपर्यंत खाली आले. एका वॅगनमागे पावणेदोन टनांहून थोडी अधिक बचत ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु अठ्ठावन्न वॅगनींची गाडी धरली तर एंजिनावर किलोभरही जादा भार न टाकता शंभर टनांहून अधिक कोळसा वाहता येतो. आम्ही वॅगन हलकी केली ती तिने जास्त ओझे उचलावे म्हणून. हलकेपणाला याहून निराळा काही हेतू असू शकतो, हे माझ्या मनातही आले नव्हते.

हलकेपणाची ती दुसरी जात मला निवृत्तीनंतर, २०१२ च्या हिवाळ्यात, कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या गावी मुलाच्या घरी भेटली. त्याच्याकडे १९८९ सालची एक फोर्ड मस्टँग होती. पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे एंजिन आणि कारखान्याच्या कागदावर २२५ अश्वशक्ती. तिचा रंग उन्हाने विटला होता आणि घराचे गॅरेज तिने अडवून ठेवले होते. मी गेलो तेव्हा तिचे बॉनेट भिंतीशी टेकवलेले होते आणि मुलगा स्नानगृहातला वजनकाटा जमिनीवर मांडून त्यावर स्टेपनी तोलत होता. शेजारी एक वही. त्या वहीत डाव्या बाजूला वस्तूचे नाव आणि उजव्या बाजूला किलो. वही पाहून मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

ड्रॅग रेसिंग हा मोटारशर्यतीचा सर्वांत साधा प्रकार म्हणावा लागेल. त्यात वळण नाही, चढउतार नाही, फेऱ्या नाहीत. पाव मैलाचा सरळ पट्टा, म्हणजे १,३२० फूट, सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, खांबावरचे पिवळे दिवे एकापाठोपाठ एक लागतात, मग हिरवा लागतो आणि काही सेकंदांत सारे संपते. गाडी आरंभरेषेवरील प्रकाशकिरण ओलांडते त्या क्षणापासून तिची वेळ शतांश-सहस्रांश सेकंदापर्यंत मोजली जाते. आपल्याकडचा शंकरपट ज्याने पाहिला आहे त्याला हे परके वाटू नये. शर्यतीच्या छकड्यातही हाकणाऱ्याला कसेबसे टेकता येईल एवढीच जागा असते. बाकी जे जे काढता येईल ते काढलेले असते.

या खेळाचा जन्मच वजाबाकीतून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर जात. तेथे मडगार्ड, बंपर, काचा, छत असे सारे उतरवून ठेवीत आणि उरलेला सांगाडा पळवीत. एंजिनाची शक्ती वाढवायला पैसे लागतात. वजन उतरवायला एक पाना पुरतो. गरिबाच्या हातची ती अश्वशक्ती होती. पुढे १९५१ साली वॅली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांना नियमांच्या चौकटीत, देखरेखीखालच्या पट्ट्यावर आणावे हा तिचा एक मुख्य उद्देश होता.

पोरांचा खेळ मोठमोठ्या कारखान्यांनी उचलला तेव्हा वजाबाकीला शास्त्राचे रूप आले. पाँटिअ‍ॅकने १९६३ साली काही मोजक्या गाड्यांच्या सांगाड्याला इतकी भोके पाडली की लोक त्यांना ‘स्विस चीज’ म्हणू लागले. फोर्डने १९६४ साली सुमारे शंभर ‘थंडरबोल्ट’ गाड्या बनवल्या. त्यांचे बॉनेट आणि पुढची मडगार्डे फायबरग्लासची होती. रेडिओ, हीटर, हात टेकायचे कठडे, आवाज अडवणारे थर यांना त्यांत जागा नव्हती. १९६८ च्या डॉज डार्टच्या शर्यती आवृत्तीत दारे आम्लात बुडवून पातळ केली होती आणि काच वरखाली करण्याचे यंत्र काढून त्याजागी एक पट्टा दिला होता. ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, असे तिच्या खरेदीदाराला कारखानाच बजावीत असे. या साऱ्या तपशिलांत माझ्या मनात रुतून बसला तो थंडरबोल्टचा एक बारीकसा तपशील. तिच्या पुढच्या काचेवर चालकाच्या बाजूचाच वायपर ठेवला होता. दुसऱ्या बाजूचा काढून टाकला होता. पाऊस आला तर शेजारच्या माणसाला समोरचे दिसणार नाही, याची चिंता करण्याचे कारण नव्हते, कारण शेजारी कोणी बसणारच नव्हते.

मुलाची वही याच वंशातली होती. स्टेपनी आणि जॅक मिळून १९ किलो. वातानुकूलनाची यंत्रणा २६. शेजारची खुर्ची १८. मागचे बाक १७. गालिच्याखाली डांबरासारखा आवाजरोधक थर असतो. त्यावर घनरूप कार्बन डायऑक्साइडचे, ज्याला सुका बर्फ म्हणतात त्याचे, तुकडे पसरायचे. थर गारठून ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने बिस्किटासारखा तडकतो. ही युक्ती मला फार आवडली. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की आम्ही दोघे गॅरेजमध्ये उतरत असू. वर्षानुवर्षे आमचे बोलणे रविवारच्या फोनपुरते उरले होते: हवा कशी आहे, तब्येत कशी आहे. आता बोलायला बोल्ट होते.

त्याचे लक्ष्य एका आकड्याचे होते. पाव मैल तेरा सेकंदांच्या आत. गाडी त्या वेळी १३.६ सेकंद घेत होती. या खेळात एक ढोबळ नियम सांगतात की शंभर पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, उतरवले की दशांश सेकंद वाचतो. त्यामागचे गणित मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहिले. वेळ बदलते ती वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात. म्हणजे वेळ निम्मी करायची तर वजन एक-अष्टमांश करावे लागेल. निसर्ग या सौद्यात फार कंजूष आहे. म्हणूनच कुठला किलो उतरवायचा यालाही अर्थ येतो. चाकाच्या कडेवरचा किलो दुहेरी काम मागतो. त्याला पुढेही न्यावे लागते आणि गोलही फिरवावे लागते, म्हणून त्याची किंमत जवळजवळ दोन किलोंइतकी. गाडी सुटते तेव्हा भार मागे सरकतो आणि मागची चाके जमीन धरतात. म्हणून पुढचे वजन आधी उतरवायचे. बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत, तीही उजव्या कोपऱ्यात ठेवायची, कारण एंजिनाचा पीळ मागचे उजवे चाक उचलू पाहतो आणि तेथे थोडे ओझे हवेच असते. मात्र बॅटरी मागे नेली की नियम सांगतो, गाडीच्या बाहेरून वीज तोडता येईल असा स्विच बसवा. वेळ आणखी खाली, साडेअकरा सेकंदांच्या आत आली, की डोक्यामागे पोलादी कमान हवी. एका हाताने वजन काढावे आणि दुसऱ्या हाताने थोडे परत द्यावे, अशी ती देवघेव होती.

मागचे बाक आम्ही एका रविवारी काढले. त्याच्याखाली काही नाणी, एक पेन्सिल आणि केसांना लावायची एक छोटी जांभळी क्लिप निघाली. नात तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिच्या आईबरोबर सॅक्रामेंटोला राहायला गेली होती. त्या विषयावर मुलगा माझ्याशी कधी बोलला नव्हता आणि मी विचारले नव्हते. नाणी आणि पेन्सिल त्याने डब्यात टाकली. क्लिप खिशात ठेवली. मग बाक काट्यावर चढवले आणि आकडा मोठ्याने वाचला, “सतरा.” मी वहीत लिहून घेतला. बाक टाकून द्यायचे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “राहू दे, बाबा.” ते जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही माळ्यावर ठेवले.

दोन गोष्टींवर मात्र आमचे जमले नाही. पहिली भोकांची. काही आधारपट्ट्यांना भोके पाडून आणखी किलोभर वाचेल असा त्याचा विचार होता. मी त्याला सांगितले, ओढल्या जाणाऱ्या पत्र्याला गोल भोक पाडले की भोकाच्या काठावरचा ताण तिप्पट होतो. किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ सालीच हे गणिताने दाखवले आहे, आणि मी ते बत्तीस वर्षे तड्यांच्या रूपाने पाहत आलो आहे. तडा नेहमी भोकापासून सुरू होतो. हे त्याने लगेच मान्य केले. तो माझ्या धंद्याचा प्रांत होता.

दुसरी गोष्ट दारांची होती. मोटारीच्या दाराच्या पत्र्याआड एक आडवी पोलादी पट्टी असते. बाजूने धडक बसली तर दार आत घुसू नये म्हणून. अमेरिकेत १९७३ पासून तसा नियमच आहे. दोन्ही दारांतल्या पट्ट्या मिळून चौदा किलो होतील असा त्याचा अंदाज होता. ढोबळ नियमाने तीन शतांश सेकंद. आमच्या हिशेबात गाडी नेमकी तेराच्या उंबरठ्यावर येत होती, आणि हे तीन शतांश त्याला उंबऱ्याच्या आत नेणार होते.

मी म्हणालो, “त्या पट्ट्या राहू देत.”

“पट्ट्यावर बाजूने कोण धडकणार, बाबा? दोन गाड्यांमध्ये भिंतीसारखी शिस्त असते.”

“पट्ट्यावर नाही. पण पट्ट्यापर्यंत तू हीच गाडी चालवत नेणार. महामार्गावर तू एकटा नसतोस.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेवीस वर्षांत ती पट्टी एकदाही उपयोगी पडलेली नाही.”

यावर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते अभियंत्याचे नव्हते. महामार्ग क्रमांक ९९ वर हिवाळ्यात जे दाट धुके उतरते ते मी पाहत होतो. नोव्हेंबर २००७ मध्ये याच फ्रेझ्नोजवळ तशा धुक्यात शंभराहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली होती. मी एवढेच म्हणालो की वॅगनचे ब्रेक, बफर, कपलिंग हे सगळे टेअरमध्येच मोजले जाते. मालाच्या आकड्यात ते कधीच दिसत नाही. त्यानंतर आम्ही दोघेही उठून झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेजमध्ये उतरलो तेव्हा दोन्ही दारे बंद करून आतली आवरणे पूर्ववत बसवलेली होती. वहीत ‘दारपट्ट्या’ असा शब्द लिहून त्यापुढची जागा त्याने कोरी सोडली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही फामोसोला गेलो. बेकर्सफील्डच्या उत्तरेला, महायुद्धातल्या एका जुन्या हवाई धावपट्टीवर हा शर्यतीचा पट्टा आहे. सभोवार बदामाच्या बागा आहेत, आणि त्या दिवसांत झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली होती. गाडीत माझ्यासाठी जागा उरली नव्हती, म्हणून मी त्याच्या एका सहकाऱ्याच्या पिकअपमधून मागोमाग गेलो. काट्यावर गाडी पूर्वीपेक्षा १९० किलोंनी हलकी भरली. मी ऐकलेल्या आवाजांपैकी काही आवाज फार मोठे आहेत, उदाहरणार्थ शंभर टनांची क्रेन सुटण्याचा. परंतु ती विटलेली मस्टँग त्या दिवशी ज्या आवेगाने सुटली तो आवेग मला नवा होता. पहिल्या धावेत १३.११. दुसऱ्या धावेत १३.०५. तिसऱ्या धावेत १३.०२. त्यानंतर ऊन चढले, हवा विरळ झाली आणि एंजिनाचा जोर उतरू लागला. चौथ्या धावेसाठी तो रांगेत उभाच राहिला नाही.

छापील चिठ्ठी त्याने माझ्या हातात दिली. मी आकडा वाचला.

“चौदा किलो,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणालो.

त्याच्या आवाजात तक्रार होती असे मी म्हणणार नाही. नव्हती असेही म्हणणार नाही. परतताना अंधार पडला आणि जमिनीलगत धुके जमू लागले. पिकअपच्या काचेतून मी पुढच्या मस्टँगचे दोन लाल दिवे पाहत होतो. ते कधी स्पष्ट होत, कधी विरून जात. दीड-दोन तासांनी आम्ही घरी पोचलो. वाटेत काही घडले नाही.

‘काही घडले नाही’ या वाक्याचे वजन कसे करायचे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. काढलेल्या प्रत्येक किलोचा पुरावा छापील चिठ्ठीवर मिळतो. ठेवलेल्या किलोचा पुरावा मिळत नाही. त्या पट्ट्या काढल्या असत्या तरीही बहुधा आम्ही सुखरूपच पोचलो असतो. मुलाचे तीन शतांश खरे होते, मोजता येण्याजोगे होते. माझी काळजी मोजता येण्याजोगी नव्हती. तरीही तो प्रसंग पुन्हा आला तर मी तेच सांगेन. हा खेळही काही वेगळे सांगत नाही. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा हे नामवंत चालक अपघातात मृत्युमुखी पडले. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी शर्यतीचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणण्यात आले. पन्नासहून अधिक वर्षे ज्या पाव मैलावर हा खेळ उभा होता, त्या पाव मैलातूनच ३२० फूट वजा झाले. गाडी थांबायला जागा उरावी म्हणून. इतकी वर्षे गाड्यांतून वजन काढणाऱ्यांनी या वेळी वेग वाढवण्यासाठी नव्हे, तर तो आवरण्यासाठी वजाबाकी केली.

आमच्या कारखान्यातले खलाशी टेअरला ‘मुर्दा वजन’ म्हणत. मला तो शब्द कधीच पटला नाही. ज्या पोलादावर ५८ टन कोळसा विसावतो ते मृत कसे? पण मुलाच्या गॅरेजमधून आल्यावर तो शब्द मी नव्याने ऐकू लागलो. कुठले वजन मृत आणि कुठले जिवंत, हे काट्यावर ठरत नाही. त्या गाडीत कोण बसणार आहे यावर ते ठरते. एकट्याने बसायचे असेल तर शेजारची खुर्ची हे अठरा किलो लोखंड आणि स्पंज आहे, याहून जास्त काही नाही. तसे पाहिले तर एकटेपणा ही माणसाची सर्वांत हलकी अवस्था आहे. तो वेगवान आहे आणि त्याचा हिशेबही चुकत नाही.

मी एप्रिलमध्ये झाशीला परतलो. रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला, पण आता हवा आणि तब्येत यांच्या जोडीला गिअर आणि टायरही त्यात येऊ लागले. तेराचा आकडा त्याने पुढे गाठला की नाही, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. २०१४ च्या जूनमध्ये एका रविवारी तो म्हणाला, “बाबा, माळ्यावरचं बाक खाली काढलं. पट्टेही नवे बसवले.” शाळेला सुटी लागल्यामुळे नात महिनाभर त्याच्याकडे राहायला आली होती, आणि मागच्या बाकावर बसून तिला गावभर फिरायचे होते.

“बाक सतरा,” तो म्हणाला, “आणि ती अठ्ठावीस. काल काट्यावर उभी केली होती.”

मी मनात बेरीज केली. पंचेचाळीस. बरोबर शंभर पौंड, एक दशांश सेकंद. फोनवर मागे कुणीतरी काचेची कळ फिरवून काच खाली-वर करीत असल्याचा आवाज येत होता. त्या गाडीतून काचेचे यंत्र आम्ही काढले नव्हते.